ईमॅक्सकडे वळताना

संगणकावर लिहिणाऱ्या माणसाचा दिवसातला फार मोठा वेळ एडिटरसमोर जातो. प्रोग्रॅमर असो, अनुवादक असो, प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी असो की मासिकाचा मजकूर तपासणारा संपादक, ज्या साधनावर बोटे चालतात त्या साधनाच्या मर्यादा हळूहळू कामात उतरतात. एडिटरला जे जमते ते आपण चटकन करतो. जे जमत नाही ते हाताने करत बसतो, आणि वर्षानुवर्षे तसे केल्यावर हे कष्ट टाळता आले असते ही शंकाही मनात येईनाशी होते. ही सवय मोडता यावी म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. त्याचा विषय ईमॅक्स आहे: १९७६ साली जन्मलेला, आजही नव्या आवृत्त्यांनी वाढणारा, आणि वापरणाऱ्याने तो आपल्याला हवा तसा घडवून घ्यावा याच हेतूने रचलेला एडिटर.

ईमॅक्सची ओळख बहुधा सोयींची यादी देऊन करून दिली जाते. त्यात टिपणे ठेवता येतात, पत्रव्यवहार करता येतो, दूरच्या संगणकावरची फाइल उघडता येते, गणिते सोडवता येतात. हे सगळे खरे आहे, पण अशी यादी वाचून कोणी एडिटर बदलू नये. या पुस्तकाचे म्हणणे वेगळे आहे. ईमॅक्समध्ये वापरणारा आणि बनवणारा यांच्यामधली भिंत जाणूनबुजून बुटकी ठेवलेली आहे. मोठ्या बाजारपेठेच्या हिशोबात ज्यांच्या गरजा बसत नाहीत, त्यांना या बुटक्या भिंतीचा सर्वांत जास्त उपयोग होतो. मराठीत लिहिणारे आपण त्यांच्यापैकीच आहोत.

ही रचना कुठून आली हे समजून घेतले की पुढची प्रकरणे सोपी जातात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅन मर्फी यांनी टेको नावाचा एडिटर लिहिला. त्यात मजकूर बदलण्यासाठी अक्षरांच्या सांकेतिक ओळी टाइप कराव्या लागत, आणि त्या ओळी म्हणजे एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषाच होती. पुढे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी टेकोच्या पडद्यावरच्या संपादनात अशी सोय केली की एखाद्या बटणाला अशा आज्ञांचा पूर्ण संच जोडता यावा. या संचांना मॅक्रो म्हणत. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ही संधी इतक्या उत्साहाने घेतली की प्रत्येकाचे मॅक्रो निराळे झाले आणि एकाच्या टर्मिनलवर दुसऱ्याला काम करणे अवघड झाले. तेव्हा गाय स्टील यांनी या सगळ्या संचांतून एक समान संच बांधायला घेतला आणि स्टॉलमन यांनी तो तडीस नेला. १९७६ मध्ये तयार झालेल्या या संचाला ‘एडिटर मॅक्रोज’ या शब्दांवरून ईमॅक्स हे नाव मिळाले. म्हणजे वापरणाऱ्यांनी आपापल्या गरजेपोटी केलेले बदल आधी होते आणि एडिटर त्यांतून आकाराला आला. ईमॅक्सच्या स्वभावातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा या क्रमातून होतो.

१९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणकप्रणालीसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला आणि त्यासाठी लिस्प ही भाषा वापरली. टेकोच्या सांकेतिक ओळी वाचणे जाणकारांनाही जड जाई. लिस्पमुळे एडिटर वाढवण्याचे काम पुष्कळ सुकर झाले. पुढे स्टॉलमन यांनी एका भाषणात सांगितलेली हकिकत या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सचिव स्त्रियांना एक माहितीपुस्तिका दिलेली होती. एडिटरमध्ये नव्या कमांड कशा घालायच्या हे तीत सांगितले होते, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असे कुठेही लिहिलेले नव्हते. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही असा त्या स्त्रियांचा समज होता, परंतु तो शब्दच समोर न आल्याने त्या बिचकल्या नाहीत. आपल्या कामाला लागणाऱ्या कमांड त्यांनी स्वतः लिहिल्या. माणसाला रोजच्या कामातली अडचण नेमकी ठाऊक असेल आणि साधन त्याच्यापुढे उघडे असेल, तर शिक्षणाची शाखा आड येत नाही. मराठी वाचकासाठी असे पुस्तक लिहिण्याचे धैर्य मला या प्रसंगातून मिळाले.

१९८४ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी ईमॅक्स पुन्हा मुळापासून लिहायला घेतला आणि १९८५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. आज आपण जो वापरतो तो हाच ग्नू ईमॅक्स. त्याचा स्रोत कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि त्याच अटींवर दुसऱ्याला देता येतो. हा अधिकार परवान्यातच लिहून ठेवलेला आहे. साधन आपले आहे असे म्हणायचे, तर हा अधिकार हाती असावा लागतो.

आता रचनेकडे वळू. ईमॅक्सचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्यावरचा मोठा भाग ईमॅक्स लिस्प या त्याच्या स्वतःच्या भाषेत. आपण कोणतेही बटण दाबले की एक कमांड चालते. साधे एक अक्षर उमटवण्याचे कामही ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’ नावाची कमांडच करते. कोणत्या बटणाला कोणती कमांड जोडायची हे आपल्या हातात असते आणि ती कमांड आतून कशी चालते हेही बदलता येते. त्यासाठी एडिटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. चालू एडिटरमध्येच नवी व्याख्या लिहायची, ती लागू करायची आणि लगेच वापरून पाहायची.

एवढे स्वातंत्र्य मिळाल्यावर माणूस हरवून जाईल अशी भीती वाटते. ईमॅक्सने त्यावर केलेली योजना मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटते. तो स्वतःविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. कंट्रोल-एच दाबून के दाबा आणि मग हवे ते बटण दाबा. त्या बटणाने कोणती कमांड चालते, ती काय करते आणि कोणत्या फाइलमध्ये लिहिलेली आहे हे पडद्यावर येते. त्या फाइलच्या नावावर जाऊन एंटर केले की प्रत्यक्ष लिस्प मजकूर समोर उघडतो. कंट्रोल-एच नंतर व्ही दाबून एखाद्या व्हेरिएबलची, एफ दाबून एखाद्या फंक्शनची चौकशी करता येते. नाव माहीत नसेल तर ए दाबून आठवणारा शब्द द्यावा. त्याच्याशी जुळणाऱ्या कमांड पुढे येतात. ज्याने या चार चौकशा आत्मसात केल्या त्याला पुढचा रस्ता स्वतः काढता येतो. म्हणून या पुस्तकातले पहिले प्रकरण मदत मागण्याविषयी आहे आणि ते कोणीही ओलांडून पुढे जाऊ नये.

या मोकळेपणातून काय उभे राहिले याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कार्स्टन डॉमिनिक हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. स्वतःची टिपणे आणि कामे नीट लावता यावीत म्हणून त्यांनी २००३ मध्ये ऑर्ग मोड लिहायला घेतला. साध्या मजकुरात मथळे, उपमथळे, कामांच्या याद्या, तारखा आणि तक्ते ठेवण्याची ही पद्धत पुढे ईमॅक्सचाच भाग झाली. आज पुष्कळ माणसे केवळ ऑर्गसाठी ईमॅक्सकडे येतात. दुसरे उदाहरण मॅगिटचे. गिट या आवृत्ती-नोंद प्रणालीशी ईमॅक्समधूनच व्यवहार करता यावा म्हणून मारियस व्होलमर यांनी २००८ मध्ये ते सुरू केले आणि पुढे अनेकांनी वाढवले. दोन्ही साधने वापरणाऱ्यांनी, स्वतःची नड ओळखून, घडवली आहेत.

मराठीचा या एडिटरशी संबंध आजकालचा नाही. जपानमध्ये केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भाषा एकत्र हाताळणारा म्यूल हा विस्तार तयार केला आणि १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत तो ईमॅक्समध्ये सामील झाला. त्यातला देवनागरीसाठीचा सुरुवातीचा भाग कावाबाता ताइची या जपानी प्रोग्रॅमरने लिहिलेला होता. २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्सची अंतर्गत अक्षरव्यवस्था युनिकोडवर आधारलेली आहे. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत हार्फबझ ही अक्षरजुळणीची प्रणाली आली आणि देवनागरीची जोडाक्षरे आधुनिक फॉन्टमध्ये अधिक नीट दिसू लागली. २०२३ च्या एकोणतिसाव्या आवृत्तीत अनेक जुन्या लिप्यांचा समावेश झाला आणि त्यांत आपली मोडीही आहे. योग्य फॉन्ट बसवला की दप्तरखान्यातल्या कागदाची मोडी प्रत आणि तिचे देवनागरी लिप्यंतर शेजारीशेजारी ठेवून काम करता येते.

मराठी टाइप करण्यासाठी ईमॅक्समध्ये स्वतःच्या लेखनपद्धती आहेत. त्यांत इन्स्क्रिप्ट आहे आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणारी आयट्रान्सही आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा मराठी कीबोर्ड सोडून ही पद्धत का वापरायची, तर तिचा एक मोठा फायदा आहे. सिस्टिमचा कीबोर्ड मराठीवर ठेवला की कंट्रोलसह दाबलेले बटणही बऱ्याचदा देवनागरी अक्षर म्हणून पोहोचते आणि ईमॅक्सला कमांड ओळखता येत नाही. ईमॅक्सची अंतर्गत पद्धत फक्त अक्षर उमटवणाऱ्या बटणांचे रूपांतर करते, त्यामुळे कमांड जशाच्या तशा चालू राहतात. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी सुरू, पुन्हा दाबली की बंद. शोध घेतानाही हीच युक्ती चालते.

मराठी मजकूर तपासणाऱ्यांच्या वाट्याला येणारी एक खास अडचण येथे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकाचे सूत्र तीत पूर्ण दिसते. ‘वाऱ्यावर’ किंवा ‘दऱ्या’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता असलेला र आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर आणि छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’चेही तसेच आहे. या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडात स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण पूर्वीसारखा ‘अ’वर चंद्र देऊनही तो लिहिला जातो. दहा लेखकांचे मजकूर एकत्र आले की एकाच अंकात दोन्ही रूपे मिसळतात. मग शब्द शोधला तर निम्म्या जागी सापडत नाही, सूची करताना एकच नाव दोनदा येते, आणि चूक कुठे आहे हे डोळ्यांना कळायला मार्ग नसतो.

ईमॅक्समध्ये कर्सर त्या अक्षरावर ठेवून, कंट्रोल-यू देऊन मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबले की अक्षराची पूर्ण कुंडली समोर येते: कोणते क्रमांक, कोणत्या क्रमाने, कोणत्या फॉन्टमधून. दोष असा उघडा पडल्यावर तो सुधारणारी कमांड लिहिणे हे काही ओळींचे काम आहे. या ठिकाणी हे रूप दिसले तर ते रूप ठेव, इंग्रजी अंक असतील तर देवनागरी कर, सरळ अवतरणचिन्हे वळणदार कर, एवढेच तिला सांगायचे असते. मग ती एका बटणाला जोडायची आणि प्रत्येक लेखावर चालवायची. मराठी संपादकाला नेमकी हीच कमांड हवी आहे हे दूरच्या देशातल्या कोणत्या कंपनीला कळणार आणि कळले तरी ती कधी करून देणार? आपल्या अक्षरांची काळजी आपणच घ्यायची असेल, तर ती घेऊ देणारे साधन हाती असले पाहिजे.

लिस्प शिकायच्या आधीही पुष्कळ काही साधते. एफ३ दाबून केलेली कृती ईमॅक्स नोंदवत जातो, एफ४ ने नोंद थांबते आणि पुन्हा एफ४ दाबले की ती सारी कृती जशीच्या तशी पार पडते. शब्दकोशातल्या शेकडो नोंदींची मांडणी बदलायची असेल, तर पहिल्या नोंदीवर हात फिरवावा आणि बाकीच्या ईमॅक्सवर सोपवाव्यात.

ईमॅक्समधले लेखन साध्या मजकुरात राहते; त्या साध्या मजकुराच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. १९९० च्या दशकातला बराच मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या खासगी सांकेतिक क्रमांकांत साठवला गेला. फॉन्ट आणि त्याचा प्रोग्रॅम मागे पडल्यावर त्या फाइली निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसू लागल्या आणि त्यांतून मराठी परत मिळवण्याची मेहनत आजही चालू आहे. युनिकोडमधली साधी मजकूर-फाइल कोणत्याही एका प्रोग्रॅमची बांधील नसते. उद्या तुम्ही ईमॅक्स सोडलात तरी तुमचे लेखन तुमच्याजवळ राहील.

स्थलांतराच्या अडचणीही मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही ही जोडी रूढ होण्यापूर्वी ईमॅक्सची बटणे ठरली, म्हणून ती नव्या माणसाला परकी वाटतात. ज्या काळात ती ठरत गेली त्या काळातल्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला लागून असे आणि अंगठ्याने दाबला जाई. आजच्या कीबोर्डवर तो कोपऱ्यात गेल्यामुळे करंगळीवर ताण येतो. कॅप्स लॉकला कंट्रोलचे काम देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे आणि तो पहिल्या दिवशीच करावा. कॉपी-पेस्टची नेहमीची बटणे हवीच असतील, तर सीयूए मोड सुरू करता येतो. व्हिम या एडिटरची सवय असलेल्यांना ईव्हिल हे पॅकेज बसवून जुनी बोटांची भाषा जशीच्या तशी ठेवता येते.

व्हिम, निओव्हिम आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हे उत्तम एडिटर आहेत. त्यांत ज्याचे काम अडत नाही त्याने केवळ कौतुक ऐकून जागा सोडू नये. ईमॅक्सवर पानांची मांडणी होत नाही. नियतकालिकाची पाने लावायला दुसरे साधन लागतेच. ऑर्गमधून ओडीटी, एचटीएमएल किंवा लाटेकमध्ये मजकूर नेता येतो, पण ती वाट शिकावी लागते. बाहेरून घेतलेल्या पॅकेजना आपल्या संगणकावर पूर्ण मोकळीक मिळते, म्हणून ती ओळखीच्या स्रोतांतून आणि मोजकीच घ्यावीत. एडिटर सजवण्यात मूळ काम बाजूला राहण्याचा धोकाही खरा आहे.

म्हणून या पुस्तकात एक शिस्त सुचवली आहे. पहिल्या दिवशी ईमॅक्सबरोबर येणारा पाठ पुरा करावा. कंट्रोल-एच नंतर टी दाबले की तो उघडतो. फाइल उघडणे, जतन करणे, शोधणे, केलेले मागे घेणे, आणि काहीही अडले की कंट्रोल-जी, इतके आले की रोजचे एखादे खरे काम ईमॅक्समध्ये सुरू करावे. जुना एडिटर लगेच काढून टाकू नये. डूम किंवा स्पेसमॅक्स यांसारखे तयार संच आकर्षक आहेत, परंतु सुरुवातीचे काही महिने मूळ ईमॅक्सवरच राहावे असे माझे मत आहे. दुसऱ्याने केलेल्या शेकडो बदलांत दोष कुठला, हे नव्या माणसाला शोधता येत नाही. इनिट फाइलमध्ये, म्हणजे आपल्या बदलांच्या नोंदवहीत, अडचण जाणवेल तेव्हाच एक ओळ घालावी आणि ती का घातली हे शेजारी मराठीत लिहून ठेवावे. अशी फाइल हळू वाढते, पण तिच्यातली प्रत्येक ओळ आपल्याला समजलेली असते.

पहिल्या प्रकरणानंतर पुस्तक कोणत्याही क्रमाने वाचता येईल. प्रोग्रॅमरांनी मॅगिटचे आणि एग्लॉट या कोड लिहिताना मदत करणाऱ्या साधनाचे अशी प्रकरणे आधी घ्यावीत, लेखक-संपादकांनी देवनागरी आणि ऑर्गची. लिस्पचे प्रकरण मात्र सर्वांसाठी आहे. ते लिहिताना प्रोग्रॅमिंगचा अनुभव गृहीत धरलेला नाही. मल्टिक्सवरच्या त्या सचिव स्त्रियांप्रमाणे वाचकाला स्वतःच्या कामाची जाण आहे, एवढेच गृहीत धरले आहे.

वाचकांना शेवटी एक विनंती. ईमॅक्सच्या सुरुवातीच्या काळात तो घेणाऱ्याने आपण केलेल्या सुधारणा परत कळवाव्यात अशी स्टॉलमन यांची अपेक्षा असे, आणि त्या देवाणघेवाणीवरच तो वाढला. ईमॅक्सबरोबर येणारा पाठ अनेक भाषांत उपलब्ध आहे; तिसाव्या आवृत्तीपर्यंत त्यांत मराठी नाही. हे पुस्तक वाचून ज्यांचा हात बसेल त्यांनी तो पाठ मराठीत आणावा, मराठी मजकुरासाठी लिहिलेल्या आपल्या कमांड इतरांना खुल्या कराव्यात, आणि देवनागरीत काही चुकीचे दिसले तर ते ईमॅक्सच्या विकसकांना कळवावे.